एकशे अडतीस गाड्या गेल्या कुठं

३ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीनं नवीन वर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर ड्रॉवरात कोरी पडली होती. आज दुपारी डबा खाल्ला नाही, म्हणून वेळ उरला.

सकाळी आठ वीसला आमच्या गेटासमोर बुद्धभूषणचा पाय मोडला. मेंटेनन्सचा पोरगा, चोवीस वर्षांचा. आत वळायला दुचाक्यांची रांग, समोरून कंटेनर, मधे एक रिक्षा. कंटेनरवाल्यानं जागा करायला गाडी मागं घेतली आणि हा त्याच्या आणि रिक्षाच्या मधे सापडला. मी मागं माझ्या कारमध्ये होतो, दहा-बारा गाड्या सोडून. पुढं काय झालंय हे माहीत नव्हतं म्हणून हॉर्न वाजवत होतो. बराच वेळ वाजवत होतो.

चिकलठाण्याच्या या प्लांटला अ‍ॅडमिन ऑफिसर म्हणून मला चौदा वर्षं झाली. आम्ही मोटारसायकलच्या ब्रेकचे पार्ट बनवतो. आज दिवसभर त्या हॉर्नचाच आवाज कानात आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

आकाश सरांनी बोलावलं. प्लांट हेड. पुण्याहून येऊन वर्ष झालंय, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण माणूस कामाचा. म्हणाले, "सुदर्शनजी, आपल्या गेटातून रोज किती गाड्या आत येतात?"

मला सांगता येईना. कुणालाच सांगता येईना.

गेटावरच्या सर्जेरावांना मोजायला सांगितलं. सर्जेराव रोज लासूर स्टेशनहून पहाटेच्या रेल्वेनं येतात. अख्ख्या प्लांटात स्वतःचं वाहन नसलेला बहुधा हा एकच माणूस. त्यांनी वहीत पाच-पाच रेघांच्या जुड्या पाडून मोजल्या. जनरल शिफ्टला तीनशे चौऱ्याऐंशी. जवळपास सगळ्या दुचाक्या, आणि दुचाकीवर माणूस एकच.

सर म्हणाले, हे कमी करून दाखवा. मे महिन्यात माझ्या बढतीचा विचार आहे, असंही बोलण्यात आलं. पण खरं सांगतो, मी त्यासाठी हो म्हणालो नाही. मला तो हॉर्न विसरायचा होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

योजना तयार झाली. लिहून ठेवतो, म्हणजे माझं मलाच नीट कळेल.

एक, कंपनीची बस. दोन, ज्याला गाडीच आणायची त्यानं मागं सहकारी बसवून आणायचा. बसच्या मार्गावर राहणाऱ्याच्या एकट्याच्या गाडीला तीन मार्चपासून गेटात प्रवेश नाही, मार्गाबाहेरच्यांना सध्या सूट. तीन, खरंच अडचण असेल तर अर्ज करायचा, मी तपासून परवानगी देणार.

बसचा मार्ग ठरवायला तीन दिवस लागले. सगळ्यात जास्त माणसं पुंडलिकनगरची आहेत, एकोणीस. पण मीही पुंडलिकनगरलाच राहतो. साहेबानं आपल्या दारासमोर बस आणली असं कुणी म्हणू नये, म्हणून पुंडलिकनगर मुद्दाम टोकाला टाकलं. सकाळी सगळ्यात आधी, सात पाचला. संध्याकाळी सगळ्यात शेवटी. आधी मुकुंदवाडी, मग सिडको, मग टी. व्ही. सेंटर, मग वळसा घेऊन गजानन महाराज मंदिराकडून पुंडलिकनगर. जरा लांब पडतं, पण माझ्यावर कुणी बोट ठेवणार नाही.

मोनिकाला कागद दाखवला. तिनं बोट फिरवत फिरवत मार्ग वाचला आणि म्हणाली, "अहो, या बसनं तुम्ही जाणार?"

मी म्हणालो, मला गेटावर लवकर पोचून आकडे बघावे लागतील. मला कारच लागेल.

ती बायको म्हणून बोलत नव्हती, शाळेत मास्तरीण आहे तशी बोलत होती. "बरं," म्हणाली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकसष्ट अर्ज आले. सगळ्यांनाच अडचण आहे. कुणाची आई आजारी, कुणाला शेतावर जायचं असतं, एकानं तर "बसमध्ये मळमळतं" एवढंच लिहिलंय. मी बारा मंजूर केले. यापेक्षा जास्त केले असते तर योजनाच राहिली नसती.

क्वालिटी लॅबच्या करुणा मॅडम, पुंडलिकनगरच्याच, संध्याकाळी फॉर्म घेऊन आल्या. दहा वर्षांत या बाईंचा एक पार्ट चुकून पास झालेला नाही. मिस्टर प्रणय वाळूजला कामाला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तेही बदलत्या शिफ्टमध्ये. मुलगा सम्यक सहा वर्षांचा.

"सर, माझा अर्ज परत आलाय."

"हो. पण मॅडम, बस तुमच्या दारासमोर थांबते."

"संध्याकाळी सहा वीसला थांबते. पाळणाघर सहाला बंद होतं."

"वीस मिनिटांचा तर प्रश्न आहे. बोलून बघा ना त्यांच्याशी."

"बोलले."

"मग?"

"मग काय, सर. तुम्ही इथं शेऱ्यात हेच लिहिलंय. हेच त्यांना दाखवू का?"

त्या चिडल्या होत्या की नुसतं विचारत होत्या, मला कळलं नाही. आवाज तर नेहमीचाच होता. मग माझ्याच टेबलावर बसनं येण्याच्या हमीपत्रावर सही करून गेल्या. वाद नाही, काही नाही. सगळेच असे समजूतदार असते तर माझं काम सोपं झालं असतं.

३ मार्च, सोमवार

पहिला दिवस. दोनशे एक्क्याण्णव! म्हणजे एका फटक्यात त्र्याण्णव कमी. गेटासमोर चक्क मोकळा रस्ता दिसला. आकाश सरांनी खिडकीतून बघितलं आणि अंगठा वर केला.

१२ मार्च, बुधवार

दोनशे सेहेचाळीस. एकूण एकशे अडतीस कमी.

रस्त्यापलीकडं मालनबाईंची चहाची टपरी आहे, मागं मोकळा प्लॉट. सध्या सकाळी तिथं खूप गर्दी असते. माणसं घोळक्यानं चहा पितात आणि रस्ता ओलांडून गप्पा मारत गेटात येतात. पूर्वी जो तो गाडी लावून सरळ मशीनवर जायचा, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. योजनेचा हा फायदा माझ्या लक्षातच आला नव्हता. अहवालात लिहिला पाहिजे.

मालनबाईंना म्हणालो, "धंदा वाढला की."

"तुमचीच कृपा, साहेब," त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात आलं जास्तीचं किसलं. "गाड्यांचे पार्ट बनवायचे अन् गाड्याच आणायच्या नाय म्हणायचं! असला कायदा लई दिवसांनी ऐकला बघा."

बाजूची दोन-चार पोरं हसली. मीही हसलो. काय विनोद होता ते पुरतं कळलं नाही.

२० मार्च, गुरुवार

हिशेब जुळत नाही.

बसनं रोज चौतीस माणसं उतरतात. दोघं-दोघं येणाऱ्यांच्या बावीस गाड्या वाचल्या. चौतीस आणि बावीस छप्पन्न. मग एकशे अडतीस कशा कमी झाल्या? ब्याऐंशी गाड्यांचा पत्ता नाही. हजेरी तर पूर्ण आहे. माणसं येतात, गाड्या येत नाहीत. चालत येतात म्हणावं तर गारखेड्याहून कोण चालत येणार? सिटी बसनं येत असतील, रिक्षानं येत असतील.

सर्जेरावांना विचारलं, मोजण्यात चूक तर नाही? त्यांनी वही पुढं केली. रेघा सरळ, ठळक. "गेटातून आत आलेली एक गाडी सुटली असंल तर पगार कापा, साहेब."

एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसावर मी शंका घेतली याचं वाईट वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

बसचा ड्रायव्हर म्हणतो, "साहब, पुंडलिकनगरला दोनच माणसं असतात. तिथपर्यंत खाली गाडी कशाला न्यायची?" मी त्याला झापलं. एकोणीस जणांची सही केलेली हमीपत्रं माझ्या फायलीत आहेत. याला डिझेल वाचवायचंय आणि नाव माणसांवर घालतोय.

आज करुणा मॅडम गेटात भेटल्या. केस एका बाजूनं दबलेले, कपाळावर लाल वळ. विचारलं, बरं नाही का? म्हणाल्या, "उन्हाचं आहे सर." साडेआठचं ऊन ते कितीसं. पण मार्च संपत आलाय, असेल.

४ एप्रिल, शुक्रवार

जेवताना मोनिका म्हणाली, "करुणाची स्कूटी पावणेआठला आपल्या घरासमोरून जाते."

मी म्हणालो, बसच्या थांब्यापर्यंत जात असेल.

"थांबा तिच्या दारात आहे. आणि बस सात पाचला जाते."

"मग दूध आणायला जात असेल."

मोनिकानं माझ्याकडं बघितलं, अगदी चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं बघावं तसं. मग भाजी वाढली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, "काही नाही. पाळणाघरवाल्या आवडाबाई भेटल्या होत्या. सहानंतर त्या मेसवर पोळ्या करायला जातात. एक मिनिट थांबत नाहीत, थांबूच शकत नाहीत." आता याचा स्कूटीशी काय संबंध? बायका एका विषयावरून दुसऱ्यावर कशा जातात, समजत नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंतीची सुट्टी होती. आज करुणा मॅडमनी लॅबमध्ये सगळ्यांना पेढे दिले, मलाही टेबलावर आणून दिला. सम्यक काल मिरवणुकीत लेझीम खेळला म्हणे. फोनवर व्हिडिओ दाखवला. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना एवढं बोलताना ऐकलं.

पंचवीस तारखेला पुण्याच्या मुख्य कार्यालयातून माणसं येणार. योजना बाकीच्या तीन प्लांटला लावायचा विचार आहे. आकाश सर म्हणाले, तुम्हीच सादर करायचं. ब्याऐंशीचा प्रश्न मी त्यांच्या कानावर घातला. ते म्हणाले, "सुदर्शनजी, आकडा चांगला असला की त्याची फार चौकशी करायची नसते."

१७ एप्रिल, गुरुवार

करुणा मॅडमना गेटासमोर टेम्पोनं उडवलं. आठ चोवीसला. रस्ता ओलांडत होत्या.

मी धावलो. शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "सहाला सम्यकला... प्रणयची सेकंड शिफ्ट आहे." एवढंच, दोनदा. मी मोनिकाला फोन केला, तिनं आवडाबाईंकडून त्याला आणलं.

बस आठ दहालाच येऊन गेली होती आणि माणसं आत उतरली होती. मग त्या रस्त्यावर काय करत होत्या? चहा त्या पीत नाहीत. आणि शेजारी हेल्मेट पडलं होतं, तडकलेलं. पांढरं, लेडीज. बसनं येणाऱ्या बाईच्या हातात हेल्मेट कशाला?

काही सुचत नाही. काहीच सुचत नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

दवाखान्यात गेलो. खुब्याचं हाड मोडलंय, कॉलरबोनही. आज ऑपरेशन झालं. प्रणय बाहेर बाकावर बसला होता. मी हेल्मेटचं विचारलं.

"सर, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मी म्हणालो, नाही.

"मग मी कशाला सांगू?" तो म्हणाला आणि उठून औषधं आणायला गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी कार घरीच ठेवली आणि रिक्षानं आलो. गेटात न जाता रस्ता ओलांडून मालनबाईंच्या टपरीमागं गेलो.

प्लॉट भरलेला होता. दुचाक्यांच्या नीट रांगा, मधून जायला वाट सोडलेली. बऱ्याच गाड्यांवर आमच्याच कंपनीचा जुना पार्किंगचा बिल्ला. कोपऱ्यात निळी स्कूटी, तिच्यावर दोन दिवसांची धूळ. हँडलला लहान मुलाची पाण्याची बाटली अडकवलेली.

मोजल्या. एकोणऐंशी. पुन्हा मोजल्या, एकोणऐंशीच. तीन अजून सापडत नाहीत.

मालनबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "चहा घेणाऱ्याला गाडी लावायला फुकट ठेवलं व्हतं, साहेब. मी कुणाला बोलावलं नाय. लोकच आले. त्या बाईसायेब तर चहा बी घेत नव्हत्या, तरी मी कधी काय बोलले नाय त्यास्नी. पोराकडं जायची घाई असायची."

गेटावर येऊन सर्जेरावांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी वहीवर पेन ठेवलं. "तुम्ही गेटातल्या मोजाया सांगितल्या व्हत्या, साहेब. बाहेरच्या कुठं सांगितल्या?" मग हळू आवाजात, "मला वाटलं तुम्हाला ठावं हाय. समद्यांनाच ठावं व्हतं. मला वाटलं, साहेबांनीच असं ठरवलं असंल."

सगळ्यांना माहीत होतं. बुद्धभूषणलासुद्धा असणार, घरी प्लास्टर घालून बसल्या बसल्या.

२१ एप्रिल, सोमवार

आकाश सरांना सकाळी प्लॉटचं सांगितलं. त्यांनी एक कागद पुढं केला. माझ्या सहीसाठी. सदर कर्मचारी महिलेनं बसनं येण्याचं हमीपत्र दिलं असूनही ती खासगी वाहनानं येत होती, तिनं कंपनीस खोटी माहिती दिली, अपघात आवाराबाहेरचा आहे, कंपनी जबाबदार नाही. म्हणजे भरपगारी रजा नाही आणि परत आल्यावर चौकशी.

"यात एक शब्द तरी खोटा आहे का?" सरांनी विचारलं.

मी तीनदा वाचला. नव्हता. म्हणून तर काय करावं कळेना. उद्या देतो म्हणालो.

"पंचवीसच्या आत," सर म्हणाले. "आणि त्या दिवशी त्या प्लॉटचा विषय नको. एकोणऐंशी गाड्या आपल्या हद्दीत नाहीत. आपण आपल्या हद्दीचं बोलतो."

फायलीतून त्यांचा अर्ज काढला. खाली माझा शेरा, माझ्याच वळणदार अक्षरात : "केवळ वीस मिनिटांचा प्रश्न. पाळणाघराशी बोलून घ्यावे. अर्ज नामंजूर." हे अक्षर लहानपणापासून सगळ्यांनी वाखाणलंय.

२२ एप्रिल, मंगळवार

आज बसनं गेलो. सात पाचला थांब्यावर मी आणि आणखी दोघंच. ड्रायव्हर खरं बोलत होता.

एक तास दहा मिनिटं, कारण सकाळी प्रत्येक थांब्यावर वाट बघत थांबते. टी. व्ही. सेंटरला वळसा घेईपर्यंत मला वाटत होतं आपण कंपनीपासून लांब चाललोय, आणि खरंच लांब चाललो होतो. संध्याकाळी पावणेसहाला बस निघते, कारण सगळे येईपर्यंत थांबायचं असा नियम मीच केलाय. मधे सिडकोच्या चौकात अडकलो. मी घड्याळ बघत होतो. सहा. सहा दहा. मला कुणाला घ्यायला जायचं नव्हतं तरी उठून ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिलो. सहा सत्तावीसला उतरलो.

घरी गेलो तर सम्यक मोनिकाजवळ बसून पाढे लिहीत होता. प्रणयची शिफ्ट सुटेपर्यंत तो आमच्याकडंच असतो. त्यानं मला विचारलं, "काका, मम्मी त्या बसनं का नव्हती जात? मोनिका मावशी म्हणते बस चांगली आहे."

मोनिका आत निघून गेली. मी म्हणालो, "बस चांगली नाही, बाळा." तो लगेच पुढचा पाढा लिहायला लागला.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज अक्षर बिघडलंय.

पुण्याहून तिघं आले होते. त्यांच्यात मुख्य एक वयस्कर बाई होत्या. मी पडद्यावर पहिला आकडा दाखवला, तीनशे चौऱ्याऐंशी. दुसरा दाखवला, दोनशे सेहेचाळीस. आकाश सरांनी मान हलवली. पुढचं पान लावायचं होतं, ते लावलं नाही.

मी म्हणालो, "या आकड्यात चूक आहे."

"कुठली?" बाईंनी विचारलं.

"छप्पन्न गाड्या कमी झाल्या. बाकीच्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्यात. तिथं लावतात आणि माणसं चालत इकडं येतात."

"म्हणजे तेवढी माणसं रोज हा रस्ता पायी ओलांडतात?"

"दोनदा. त्यातल्या एक मॅडम गेल्या आठवड्यात..." करुणा मॅडमचा अर्ज खिशातच होता. तो टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला, मग चष्मा काढून मला विचारलं, "हा शेरा कुणाचा?"

"माझा."

"आणि मार्ग?"

"तोही माझाच."

आकाश सर टेबलाकडं बघत होते. नंतर बाहेर आल्यावर ते मला एकच वाक्य बोलले, "तुम्ही हे मला अपघाताच्या आधी सांगायचं होतं." मी सांगितलं होतं, असं ओठावर आलं. पण मी ब्याऐंशी आकडा सांगितला होता, माणसं कुठं सांगितली होती?

तो कागद मी सही न करता परत दिला.

५ मे, सोमवार

करुणा मॅडमची रजा भरपगारी धरली. चौकशी नाही. मला मेमो मिळाला आणि बढतीचा विषय परत निघणार नाही, हे न सांगता कळलं. योजना बंद. आजपासून गेट सगळ्यांना उघडं.

आठ वीसला गेटासमोर कंटेनर, रिक्षा, दुचाक्या. मी आणि सर्जेराव रस्त्यात उभं राहून हातानं गाड्या काढत होतो. तीनशे एक्क्याऐंशी. एकजण माझ्या अंगावर हॉर्न वाजवत होता.

मग मी बरोबर केलं की काय केलं? प्लॉट रिकामा झाला हे चांगलं. गेट तुंबलं हे वाईट. उद्या परत कुणाचा तरी पाय जाईल. सकाळपासून हेच डोक्यात फिरतंय आणि उत्तर येत नाही.

१२ मे, सोमवार

दुपारी फोन आला. करुणा मॅडम. घरी आणलंय, अजून उठता येत नाही.

"सर, वही आहे का जवळ? लिहून घ्या."

मी आधी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी मधेच थांबवलं. "ते नंतर. फोन धरून हात दुखतो, आधी हे घ्या."

पडल्या पडल्या त्यांनी पुंडलिकनगरच्या एकोणीसपैकी सोळा जणांना फोन केले होते. कुणाचं घर नेमकं कुठं, घरी पोचायची वेळ काय, का. सात बायकांना सहाच्या आत पोचायचंय. तिघांना गाडी सोडायचीच नाही, कारण ते कामावरून परस्पर शिकवणीला जातात. "त्यांना बसा म्हणू नका, ते बसणार नाहीत." बाकीचे सकाळी पावणेआठची बस असेल तर बसतील.

"लहान गाडी करा, सर. पाच वीसला सोडायची, आलं कोण आणि राहिलं कोण बघत थांबायचं नाही. सरळ पुंडलिकनगर. मग पुढं कुठं जायची ती जाईल."

"पण मॅडम, पुंडलिकनगर पहिलं घेतलं तर लोक म्हणतील, साहेबांचं घर तिकडं आहे म्हणून..."

पलीकडून खाट करकरली. मला वाटलं दुखलं असेल.

"यासाठी शेवटी टाकलं होतं तुम्ही?" त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

त्या हसल्या की काय झालं, कळलं नाही. नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाल्या, "म्हणू द्या ना, सर."

२ जून, सोमवार

आकाश सरांनी महिनाभरासाठी एक मिनीबस दिली. फार उत्साह दाखवला नाही, पण दिली. संध्याकाळी पाच वीसला सुटली. नऊजण. सर्जेरावांनी विचारलं, "आज कुठल्या गाड्या मोजू? आतल्या का बाहेरच्या?" मी म्हणालो, दोन्ही. आणि प्लॉटकडं स्वतः बघून आलो. रिकामा होता, मालनबाई झाडत होत्या. "धंदा बुडवला माझा," म्हणाल्या, पण चहा दिला.

नऊ गाड्या कमी. आकाश सर म्हणाले, "नऊच?" मी म्हणालो, नऊच. कुणाकुणाच्या ते विचारलं असतं तर नावं सांगितली असती. क्वालिटीतल्या तिघी, असेंब्लीच्या चौघी, स्टोअरचा सत्यम आणि माझी कार.

७ जुलै, सोमवार

आता सतराजण असतो. मुकुंदवाडीवाले म्हणतात आम्हालाही अशी द्या, त्यांच्याकडं उद्या वही घेऊन जायचंय. बाकी गेटासमोर सकाळी अजून तुंबतं. फार फरक पडला असं म्हणवत नाही.

आज करुणा मॅडम कामावर परत आल्या, काठी घेऊन. सकाळी बसमध्ये चढताना प्रणयनं धरलं. मला नुसतं "गुड मॉर्निंग, सर" म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. दिवसभर लॅबमध्ये होत्या. मी दोनदा काही काम काढून तिकडून चक्कर मारली, पण त्या कामात होत्या.

संध्याकाळी पाच वीसला बस सुटली तेव्हा मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. अडीच महिने मी जे बोलायचं ठरवलंय ते सिडकोच्या पुलावर बोलू असं ठरवलं. पुलावर त्या घड्याळ बघत होत्या. मग ठरवलं, उतरल्यावर.

पाळणाघराच्या गल्लीच्या तोंडाशी ड्रायव्हरनं न सांगता बस थांबवली. मी हात पुढं केला, पण त्यांनी दांडा धरला, आधी काठी खाली टेकवली, मग पाय. मी मागून उतरलो आणि "मॅडम" म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही. त्या निघाल्याही होत्या, काठी टेकत, जेवढं भराभर जाता येईल तेवढं. वळून बघितलं नाही. पुढं दार उघडं होतं आणि आवडाबाई पदर खोचून उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांची निघायची वेळ व्हायची होती.

माझ्या घड्याळात पाच अठ्ठेचाळीस झाले होते.